नोटा मोजणाऱ्या यंत्राची सनद

मराठीत ‘पेटंट’ या शब्दाचे नशीब मोठे विचित्र आहे. एखादा गृहस्थ लग्नकार्यात तोच तो विनोद दहाव्यांदा सांगू लागला, की आपण म्हणतो, “झाला यांचा पेटंट विनोद सुरू!” उशिरा येणारा विद्यार्थी सायकल पंक्चर झाल्याचे सांगतो, ते त्याचे पेटंट कारण. म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेली, समोरच्याला आधीच पाठ असलेली जी गोष्ट, ती आपल्या लेखी पेटंट! कायद्याच्या लेखी नेमके उलटे. जी गोष्ट आजवर जगात कोणालाच ठाऊक नव्हती, तिलाच पेटंट मिळते.

सरकारी मराठीने यासाठी ‘एकस्व’ असा शब्द काढला आहे. शब्द वाईट नाही. पण मला विचाराल तर ‘सनद’ हा जुना शब्द मला अधिक जवळचा वाटतो. ‘पेटंट’चे लॅटिन मूळ पाहिले तर त्याचा अर्थ ‘उघडे’ असा आहे. राजाने मोहोर लावून बंद न करता, सर्वांनी वाचावे म्हणून उघडे ठेवलेले पत्र ते पेटंट. आमच्या वाशीमला, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्माला, असली उघडी पत्रे नवी नाहीत. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकीर्दीच्या ३७व्या वर्षी दिलेला ताम्रपट येथेच सापडला. दान लपवायचे असते तर ते तांब्यावर कोण कोरून ठेवील?

हे पुराण आठवण्याचे निमित्त मात्र अगदी आजचे आहे. आमच्या ओळखीच्या एका वेल्डिंग-दुकानदाराचा मुलगा पॉलिटेक्निकमध्ये यंत्रविद्या शिकतो. त्याने बँकेच्या एटीएममध्ये बसवायची एक पट्टी तयार केली आणि ‘हिचे पेटंट मिळेल का?’ हे विचारायला तो माझ्याकडे आला. मराठीच्या प्राध्यापकाकडे का, असे वाचक विचारतील. कायद्याची भाषा समजावून सांगणारा कोणी तरी त्याला हवा होता, आणि गल्लीत रिकामा मनुष्य मीच!

एटीएमला आपण संगणक समजतो. पण त्याचे पोट उघडून पाहिले तर ते एक कपाट आहे, आणि त्यातले सर्वांत अवघड काम हाताचे आहे. कप्प्यात नोटांची गड्डी उभी असते. रबरी चाकांनी घासून किंवा हवेने ओढून त्यातली एकच नोट सोडवायची, दोन चिकटून आल्या तर जाडीवरून ओळखायच्या, त्या बाजूच्या पेटीत टाकायच्या, आणि बरोबर मोजलेल्या नोटा दारातून बाहेर सरकवायच्या. कोरी नोट शहाण्यासारखी सुटते. पण भाजीबाजारातून, कनवटीतून, पावसाच्या ओलीतून फिरून आलेली नोट म्हणजे जुन्या लुगड्याची चिंधी. ती शेजारणीला सोडतच नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपण सगळे रांगेत उभे होतो, तेव्हा या पोटाचे महत्त्व कळले. हजाराची जुनी नोट १७७ मिलिमीटर लांब आणि ७३ रुंद; दोन हजारांची नवी १६६ लांब आणि ६६ रुंद. चलन एका रात्रीत बदलले, पण कप्पे बदलण्यासाठी कारागिराला एकेका यंत्रापाशी जाऊन पान्हा फिरवावा लागला.

मुलाची पट्टी या नोटा सोडवण्याच्या जागी बसते. नोट ओढली जात असता ती तिला पन्हाळीसारखा किंचित बाक देते. दोन चिकटलेल्या नोटा सारख्या वाकत नाहीत, म्हणून मागची सुटते. मला ही युक्ती फार आवडली. पण कायद्याला ती आवडेल का?

या यंत्राच्या इतिहासात सनदेची एक मजेदार कहाणी आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफील्ड येथे बार्कलेज बँकेचे पैसे देणारे यंत्र सुरू झाले. त्याचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याकडचा, शिलाँगचा. चॉकलेट देणाऱ्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांनी पेटंट घेतलेच नाही. कारण पेटंट म्हणजे उघडे पत्र. त्यात चेक ओळखण्याची खूण लिहून द्यावी लागली असती, आणि ती वाचून चोरांचे फावले असते! उलट स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो यांनी गुप्त आकड्याने उघडणाऱ्या यंत्राचा अर्ज मे १९६६ मध्येच करून ठेवला होता. पेटंट मिळाले, पण त्यांच्या पदरात दहा पौंड पडले, असे सांगतात. अमेरिकेत डॉन वेट्झेल आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना १९७३ साली नोटा देणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. आपल्याकडे हे यंत्र आले ते १९८७ साली, मुंबईत, हाँगकाँग अँड शांघाय बँकेत.

तेव्हा ‘एटीएम’ या कल्पनेला आता कोणी सनद मागू शकत नाही. आपला कायदा १९७० चा. बँकेचा व्यवहार करण्याची रीत किंवा नुसता संगणकाचा कार्यक्रम यांना तो पेटंट देत नाही. यंत्राचा बाहेरचा डौल हा पेटंटचा विषय नव्हे; त्याची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली निराळी होते. उरतो तो आतला कारभार: चाक, पट्टी, कप्पा. त्याला पेटंट मिळू शकते, पण ते नवे हवे, कामाचे हवे, आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगे नको. ओळखीच्या दोन वस्तू शेजारी मांडल्या आणि दोघी आपापले जुनेच काम करीत राहिल्या, तर त्याला कायदा शोध म्हणत नाही.

ही तिसरी अट मोठी कठीण. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एक निकाल दिला, तो मुद्दाम सांगतो. कारण त्यातली वस्तू आपल्या स्वयंपाकघरातली आहे. मिर्झापूरच्या एका भांड्यांच्या कारखान्याने लेथवर भांडे पक्के धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ साली घेतले होते. दुसऱ्या कारखान्याने तसेच साधन वापरले, आणि भांडण दिल्लीपर्यंत गेले. न्यायालय म्हणाले, हे साधन जुनेच. थोडासा फेरफार म्हणजे शोध नव्हे. पेटंट रद्द झाले.

मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात कॉलेजच्या वार्षिकांकाची प्रुफे घेऊन मी छापखान्यात गेलो, त्याला बरोबर नेले. तिथला माणूस यंत्रात कागद लावण्यापूर्वी रीम दोन्ही हातांनी वाकवून फुलवत होता. बँकेतला कॅशियर गड्डीचे हेच करतो. मुलगा बराच वेळ पाहत राहिला.

“सर, म्हणजे वाकवणं जुनंच आहे.”

“जुनंच. मग तुझं काय उरलं?”

रस्ताभर तो बोलला नाही. दारापाशी येऊन म्हणाला, “सर, माणूस हातानं अंदाज घेतो. माझी पट्टी नोटेच्या मऊपणाप्रमाणे बाक आपोआप कमीजास्त करते. तेवढं माझं.”

तेवढे खरोखरच त्याचे असेल, तर ते थोडे नव्हे. तपासणारा अधिकारी काय म्हणेल ते पुढचे पुढे.

येथे मला शंकर आबाजी भिसे आठवतात. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या या मराठी माणसाचे पहिले नाव झाले ते किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राने. लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत त्यांनी इंग्रज स्पर्धकांना मागे टाकले. मोजून देणारे यंत्र म्हणजे एटीएमचे थोरले चुलतेच की! पुढे ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी हात दिला, खिळे पाडणाऱ्या त्यांच्या यंत्राला सर रतन टाटांनी भांडवल दिले. पेटंटे अनेक मिळाली. पण यंत्र बाजारात उभे करण्यासाठी पैसा शोधण्यात उमेद खर्ची पडली. १९१६ साली ते अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कला वारले. सनद हातात असणे आणि भाकरी ताटात असणे यांत अंतर आहे, हे मुलाच्या वडिलांना मी स्पष्ट सांगितले.

वडिलांची तक्रार मात्र निराळीच होती. गावात एक प्रदर्शन भरणार होते, आणि पट्टी तेथे मांडायची असे त्यांनी ठरवून टाकले होते. मी नको म्हटले. अर्जापूर्वी वस्तू चारचौघांत मांडली, की ती कायद्याने ‘माहीत असलेली’ होते. सरकारने खास जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरतीच सवलत आहे.

“पोट्ट्यानं एवढं केलं, अन् लोकाइले दाखवू नोको म्हन्ता? मंग केलं कायले?”

प्रश्न बापाचा होता, आणि खरा होता. बक्षीस, टाळ्या, वर्तमानपत्रात फोटो हे सारे समोर दिसत होते. सनदेचे काय होणार ते कोणालाच दिसत नव्हते. मुलगाच मध्ये पडला. “बाबा, कागद आधी जाऊ द्या. मग दाखवू जी.” ते उठून गेले, चहा तसाच राहिला.

अर्ज मुंबईला, अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातो. संगणकावरून करता येतो, आणि एकट्या व्यक्तीला सुरुवातीची फी १,६०० रुपये पडते. तपासणीची फी निराळी. प्राथमिक विवरण आधी देऊन जागा धरून ठेवता येते, पण बारा महिन्यांत संपूर्ण विवरण दिले नाही तर सगळे पाण्यात. पेटंट मिळालेच तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचे, आणि तेही भारतापुरतेच. कागदपत्रे मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात. मराठीत चालत नाहीत, याचा मला यथायोग्य राग आला. तरी आम्ही आधी मराठीतच लिहिले. आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते निदान आपल्याला तरी कळावे!

त्यातला ‘दावा’ म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. नुसते ‘नोट वाकवणारी पट्टी’ म्हटले, तर छापखान्याच्या वावरात शिरकाव झाला. ‘अमुक जाडीची पोलादी पट्टी’ म्हटले, तर शेजारी उद्या पितळेची करून मोकळा. एका वाक्यावर आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. माझ्या पत्नीने दुसऱ्या दिवशी विचारले, “एवढं घासून तुम्ही कधी परीक्षेचा पेपर काढला होता का हो?”

अर्ज गेला, क्रमांक आला. वडिलांनी तो दुकानात कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. त्याखाली प्रदर्शनाची तारीख होती, ती खोडलेली दिसते. बारा महिन्यांची घडी चालू आहे, आणि पट्टी खऱ्या नोटांवर चालवून पाहायची आहे. म्हणून मुलगा सध्या बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायांपाशी फिरून शंभराच्या मळक्या, लोळागोळा झालेल्या नोटा मागतो आणि बदल्यात कोऱ्या देतो. बायांची समजूत अशी झाली आहे, की पोराच्या डोक्यावर काही तरी परिणाम झाला आहे. पण नोटा त्या आनंदाने देतात.