कवटी न उघडता मेंदूपर्यंत

थरथर समजून घेताना : लेखांक चौथा

मागच्या लेखात आपण हाताच्या थरथरीचे दोन मोठे प्रकार वेगळे केले. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो आणि कामाला उचलला की शांत होतो, ती थरथर बहुधा पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची. याउलट चहाचा कप ओठांशी नेताना, कुलपात किल्ली घालताना, चेकवर सही करताना जी सुटते, ती एसेन्शियल ट्रेमरची. आज या दुसऱ्या प्रकारावरच्या एका नव्या उपचाराबद्दल : फोकस्ड अल्ट्रासाउंड.

एसेन्शियल ट्रेमरने जिवाला धोका नसतो, म्हणून घरात त्याची दखल घेतली जात नाही. ‘वय झालं, हात थरथरणारच’ म्हणून विषय संपतो. पण सही जुळत नाही म्हणून ज्याचा चेक परत येतो, पंगतीत वरणाची वाटी सांडेल म्हणून जो लग्नाला जायचंच टाळतो, त्याचं जगणं हळूहळू घरात कोंडलं जातं. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही यावरची मुख्य औषधं. बऱ्याच जणांना ती पुरतात. बऱ्याच जणांना पुरत नाहीत किंवा सोसत नाहीत. पुढचा विचार या दुसऱ्या गटासाठी आहे.

लहान मेंदूकडून थॅलॅमसमार्गे मेंदूच्या वरच्या थराकडे संदेशांचा एक मार्ग जातो. या मार्गावर एक बिघडलेली लय सतत फिरत राहते आणि हाताला हलवते. थॅलॅमसमध्ये ‘व्हिम’ नावाचं काही मिलिमीटरचं केंद्र आहे. तिथे ही लय तोडली की थरथर ओसरते. शस्त्रक्रियातज्ज्ञांना हे गेल्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होतं. त्यासाठी कवटीला छिद्र पाडून सुई आत घालावी लागे आणि ती जागा जाळावी लागे. 1987मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे बेनाबिद यांनी त्याच जागी तार बसवून विजेच्या स्पंदनांनी थरथर थांबवली. हेच डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया अनेक वर्षं केली आहे.

ध्वनिलहरींनी मेंदूतली जागा नष्ट करण्याची कल्पनाही तितकीच जुनी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी 1950च्या दशकात ती करून पाहिली. अडचण कवटीची होती. हाड लहरी शोषून घेतं, तापतं, आणि त्याची जाडी जागोजागी वेगळी असल्याने लहरी वेड्यावाकड्या वळतात. त्यामुळे तेव्हा कवटीचा तुकडा काढूनच लहरी आत सोडाव्या लागत.

हे कोडं सुटलं ते संगणक आणि एमआरआय आल्यावर. आजच्या यंत्रात डोक्यावर शिरस्त्राणासारखा भाग बसतो. त्यात लहरी सोडणारे 1024 छोटे घटक असतात. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीच्या एकेका गल्लीतून येणारी माणसं मोजकीच असतात. पण सगळ्या गल्ल्यांतली माणसं एकाच वेळी चौकात पोहोचली की पाय ठेवायला जागा उरत नाही. मात्र ज्याची गल्ली लांब, त्याने आधी निघायला हवं. इथेही तसंच. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून कवटीची जाडी कळते आणि कोणत्या घटकाने किती आधी किंवा नंतर लहर सोडायची, याचा हिशेब संगणक करतो. वाटेत एकेक लहर क्षीण असते, पेशींना इजा करत नाही. सगळ्या मिळतात तिथेच उष्णता तयार होते.

उपचाराच्या दिवशी डोकं पूर्ण भादरतात, एक चौकट पक्की बसवतात आणि कवटी तापू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळवतात. रुग्ण एमआरआयमध्ये जागा असतो. आधी त्या बिंदूला नुसतं कोमट करतात आणि नेम बरोबर आहे ना, ते एमआरआयवर पाहतात. मग ऊब थोडी वाढवून रुग्णाला पाटीवर गोल-गोल चकलीसारखी रेघ काढायला सांगतात. रेघ न थरथरता येऊ लागली आणि बोलण्यात जडपणा किंवा ओठांना बधिरपणा आला नाही, तरच तापमान 55 ते 60 अंशांपर्यंत नेऊन तो ठिपका कायमचा जाळतात. लहरी काही सेकंदच सोडतात. तेवढ्यात काहींना डोकं दुखतं, गरगरतं.

याचा भरवशाचा पुरावा 2016मध्ये आला. एकूण 76 रुग्णांच्या चाचणीत काहींना खरा उपचार दिला, काहींना फक्त यंत्रात झोपवलं. तीन महिन्यांनी खरा उपचार झालेल्यांच्या हाताच्या थरथरीचा गुणांक 18.1 वरून 9.6 वर आला. दुसऱ्या गटात फरक जवळजवळ नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने या उपचाराला मान्यता दिली. पण त्याच चाचणीत सुरुवातीला तिघांपैकी एकाहून अधिक जणांना बधिरपणा आला, जवळपास तितक्याच जणांचा चालताना तोल जाऊ लागला. वर्षानंतरही बधिरपणा 14 टक्क्यांना आणि तोलाचा त्रास 9 टक्क्यांना उरला होता.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. इथे टाके नाहीत, पण मेंदूचा एक ठिपका कायमचा जातो. डीबीएसची स्पंदनं कमी-जास्त करता येतात, बंदही करता येतात. जाळलेली जागा परत येत नाही. म्हणूनच आधी एकाच, बहुधा कामाच्या हाताचा उपचार करतात. दुसऱ्या बाजूच्या उपचाराला एफडीएने 2022मध्ये परवानगी दिली, तीही किमान नऊ महिन्यांच्या अंतराने. काहींची कवटी लहरी पुरेशा आत जाऊ देत नाही. ते आधीच्या सीटीवर कळतं. एमआरआयला न चालणारा पेसमेकर असेल तर हा मार्ग बंद. आणि कंपवात असेल तर व्हिमवरच्या या उपचाराने थरथर कमी होईल, पण हालचालींचा मंदपणा तसाच राहील.

देशात अशी केंद्रं मोजकी आहेत. कोईम्बतूरचं रॉयल केअर रुग्णालय त्यांतलं एक. खर्च लाखांत जातो. एवढा पैसा आणि प्रवास करण्याआधीचं सर्वांत मोलाचं काम मात्र नागपुरातच, मेंदूविकारतज्ज्ञाच्या ओपीडीत होतं : थरथर नेमकी कोणती, हे ठरवणं. थायरॉईड वाढल्याने हात थरथरतो. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल आणि फिटवरचं व्हॅल्प्रोएट यांनीही थरथरतो. तरुण वयात विल्सन्स आजार नाही ना, हे पाहावंच लागतं. यांतलं काही असेल तर उपाय वेगळाच आहे.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्या आणि पंप पिशवीत घालून न्या. आई-वडिलांचे, भावंडांचे हात थरथरायचे का, ते विचारून ठेवा. पाण्याने भरलेला पेला उचलताना आणि हात मांडीवर ठेवून बसलेले असताना, असे दोन छोटे व्हिडिओ काढून न्या. गोळ्यांना पूर्ण संधी देऊनही जेवण-लिहिणं अडलेलंच असेल, तेव्हा ‘फोकस्ड अल्ट्रासाउंड की डीबीएस?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. तो विचारायला संकोच नको. जाहिरात पाहून घाईही नको.

पुढच्या आठवड्यात : डीबीएस. तार, बॅटरी आणि आयुष्यभराची देखभाल.