तुळजाभवानीची झोप

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते, आणि नवरात्राची चाहूल लागते ती घटस्थापनेआधीच, या निद्रेने. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. ही घोर निद्रा. आश्विन शुद्ध प्रतिपदेला देवी पुन्हा सिंहासनावर येते आणि घट बसतात. हे शक्य होते, कारण गंडकी शिळेतली ही अष्टभुजा मूर्ती चल आहे. एवढ्या मोठ्या देवस्थानात मुख्य मूर्तीच हलवणे खरोखर दुर्मीळ.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला मूर्तीभोवती साड्यांचे जाड वेष्टन गुंडाळतात, तिला पालखीत बसवतात आणि ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात पिंपळपाराभोवती मिरवतात. पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, तीही दरवर्षी नवी. महिषासुराशी लढून थकलेली आई मग कोजागरीपर्यंत विसावते, ती श्रम निद्रा. देवीलाही श्रम होतात हे मानणारी ही श्रद्धा मला फार मोलाची वाटते. तिसरी, मोह निद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी.