‘मला काय कळतंय बाई!’

बालमित्रांनो, एक कोडं घालू का? असं कोणतं वाक्य आहे, जे आई म्हणते, आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात. पण बाबा आणि आजोबा सहसा म्हणत नाहीत?

नाही सुचत? मग ऐका. ‘मला काय कळतंय बाई!’

बँकेतला फॉर्म समोर आला की हे वाक्य येतं. शाळेत पालकसभा असली की येतं. ग्रामसभेत कुणी मत विचारलं, तर पदर सावरत हेच वाक्य येतं. आता गंमत बघा हं. हीच आई आभाळ बघून सांगते की वाळवण आत घ्या. कोणत्या दुकानदाराचं वजन मारतं, कोणत्या हातपंपाला उन्हाळ्यात पाणी राहतं, कुणाच्या लेकराची शाळा सुटली, सगळं तिला ठाऊक असतं. म्हणजे कळतं तर सगळं! मग अडतं कुठं? अडतं ते चारचौघांत बोलण्यापाशी. ‘चुकलं तर? लोक हसले तर?’ ही भीती असते.

ही भीती घालवायला शिकवता येतं का? येतं! आणि ते आपल्या मराठवाड्यातच घडलेलं आहे.

किल्लारीच्या मातीतून

आमचं इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या एका टोकाला, किनवट तालुक्यात. शेजारच्या लातूर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली.

पुढे सरकारनं घरं बांधायला आणि दुरुस्तीला मदत दिली. पण पैसे दिले म्हणजे घर पक्कं होतं का? ज्यानं त्यानं जुन्याच पद्धतीनं भिंत रचली, तर पुढच्या भूकंपात ती पुन्हा पडणार. घराघरांत जाऊन नवी पद्धत समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांनी हे काम गावातल्या बायकांवर सोपवायचं ठरवलं. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या.

संवाद सहायक म्हणजे काय? सरकार आणि गाव यांच्यामधला पूल. मदतीचा हप्ता कधी मिळतो, भिंतीत आरपार जाणारा लांब दगड का बसवायचा, कोपरे कसे बांधून घ्यायचे, माळवदावरची माती कमी का करायची, हे सगळं आधी स्वतः शिकायचं आणि मग गावाला सांगायचं. गावाची अडचण इंजिनिअरसाहेबांपुढे मांडायची. त्यातल्या कितीतरी जणी तोवर साहेबांसमोर उभ्यासुद्धा राहिल्या नव्हत्या!

मग धीर आला कुठून?

इथंच खरी मेख आहे. त्यांना कुणी फळ्यावर ‘आत्मविश्वास’ हा धडा शिकवला नाही. लहान लहान कामं दिली. एकटीला पाठवायचं नाही, चौघी-पाचजणींनी मिळून जायचं. आधी आपल्या गटात बोलायचं, मग गावाच्या बैठकीत, मग कचेरीत. एका गावच्या बायकांनी काही चांगलं केलं, की दुसऱ्या गावच्या बायकांनी तिथं जाऊन डोळ्यांनी बघायचं. आपल्यासारखीच नऊवारी नेसलेली, आपल्यासारखीच बोलणारी बाई हे करते आहे, असं दिसलं की ‘मला काय कळतंय’ आपोआप मागं पडतं.

पोहायला शिकताना काय होतं? काठावर बसून भीती जाईपर्यंत वाट बघितली, तर जन्मभर काठावरच बसावं लागेल. कुणीतरी जाणतं सोबत पाण्यात उतरतं, पोटाखाली हात धरतं आणि एक दिवस हळूच हात काढून घेतं. त्या बायकांचंही तसंच झालं.

आणि पुढचं ऐका. 26 जानेवारी 2001 ला गुजरातमध्ये कच्छला मोठा भूकंप झाला. तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. 2004 च्या त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूतही गेल्या. भाषा वेगळी, समुद्र कधी न पाहिलेला. पण घर गेल्याचं दुःख सारखंच होतं. काल ज्या शिकत होत्या, त्या आता शिकवणाऱ्या झाल्या!

गंधोऱ्याच्या गोदावरीताई

तुळजापूर तालुक्यातल्या गंधोरा गावच्या गोदावरी डांगे यांचीच गोष्ट घ्या. लहान वयात लग्न झालं आणि तरुणपणीच पतीचं निधन झालं. घराबाहेर पडणंही नको वाटावं, असे ते दिवस. पण त्या बचतगटात जाऊ लागल्या. आधी ऐकायच्या, मग हिशेब लिहायला लागल्या, मग इतर गावांत जाऊन गट बांधायला लागल्या.

पुढे दुष्काळाच्या दिवसांत त्यांच्यासारख्या बायकांनी एक नवीच गोष्ट केली. घरच्या शेतातला एक एकर, कुठं अर्धा एकर, त्यांनी घरच्यांकडे मागून घेतला. त्यात डाळी, भाज्या, ज्वारी असं खायचं पीक घेतलं. घरात ताट भरलं आणि ‘काय पेरायचं’ हा निर्णय बाईचा झाला. या कामासाठी संस्थेला 2016 साली संयुक्त राष्ट्रांचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. गोदावरीताईंच्या आयुष्यावर तर चित्रकथाही निघाली आहे!

खुर्ची मिळाली, पण…

बरं, कायद्यानंही बायकांना जागा दिली आहे. 1993 पासून देशभरातल्या ग्रामपंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. आपल्या महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या आहेत. पण कुठं कुठं काय होतं, तुम्ही बघितलं असेल. पाटीवर नाव बाईचं आणि खुर्चीवर नवरा! खुर्ची कायदा देतो; त्या खुर्चीवर बसून बोलायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. त्यासाठी एक चांगली जागाही आहे. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. पाणी, रेशन, शाळा, रस्ता, काहीही तिथं बोलता येतं. बोलायचा सराव तिथून सुरू करता येईल.

या आठवड्यात करून बघा

मुलांनो, पुढची पालकसभा असेल तेव्हा आईला म्हणा, “तूच चल.” ती नको म्हणेल. मग आदल्या रात्री दोघं मिळून एक प्रश्न ठरवा, फक्त एकच! तो तिला दोनदा मोठ्यानं म्हणायला लावा. सभेत ती अडखळली तर हसू नका. कुणी हसलं, तर तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा.

मुलींनो, वर्गाचा मॉनिटर निवडताना मागच्या बाकावर लपू नका. आधी परिपाठात सुविचार सांगा, मग बातम्या वाचा, मग प्रार्थनेला पुढे उभ्या राहा. पायऱ्या अशाच चढायच्या असतात.

आणि पालकहो, तुम्हांलाही एक विनंती. ग्रामसभेच्या दिवशी घरच्या बाईला “तू काय करणार तिथं?” असं विचारू नका. त्या दिवशी चूल थोडी उशिरा पेटली तरी चालेल. तिला सोबत न्या. आणि ती बोलायला उभी राहिली, की तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या.