विजयदुर्गची लढाई पटावर

समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची मोहीम पटावर मांडायची, तर सुरुवात पाण्याच्या खोलीपासून करावी लागते. इंग्रज आणि पेशवे विरुद्ध तुळाजी आंग्रे अशी फेब्रुवारी १७५६ मधली विजयदुर्ग किल्ल्याची लढाई त्यासाठी अगदी योग्य. इंग्रजांच्या विल्यम जेम्सने आधीच खोली मोजून ठेवली होती, म्हणून इंग्रज ॲडमिरल वॉटसनची मोठी जहाजे तटाजवळ येऊ शकली. पटावर खोल पाण्याच्या षटकोनी घरात जहाज शिरते, उथळ घरात फक्त होडी. होडीतून वाळूवर उतरलेल्या तुकडीची ताकद त्या फेरीपुरती निम्मी धरावी. खेळाचा खरा कस इथेच लागतो.

१२ फेब्रुवारीला तोफगोळ्याने आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता आरमार जळाले. ही आग फाशांवरच सोडावी, नाहीतर निकाल आधीच ठरतो.

त्याच रात्री इंग्रज सेनानी क्लाइव्हने सैन्य उतरवले, ते मित्र असलेल्या पेशव्यांच्या फौजेला किल्ल्यात आधी शिरू न देण्यासाठीही. म्हणून खेळाडू तीन हवेत, आणि किल्ल्यात पहिला शिरेल त्याला जादा गुण. १३ तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. तुळाजी आंग्रे मात्र तेव्हा पेशव्यांच्या छावणीत होता. त्याची सोंगटी तिथेच ठेवावी.