चला नागपूर पाहू या!

मित्रमैत्रिणींनो, आपल्या राज्याची राजधानी कोणती असे गुरुजींनी विचारले की आपण सगळे एका सुरात ‘मुंबई’ म्हणतो. ते बरोबरच आहे. पण १९५६ सालापर्यंत आपल्या ढाणकीची राजधानी नागपूर होती. तेव्हा आपला वऱ्हाडचा भाग मध्य प्रदेशात होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि नागपूर उपराजधानी झाली.

आपल्याला नांदेड जवळ पडते, म्हणून आपली माणसे नागपूरला कमीच जातात. गेली तर दवाखान्यासाठी, नाहीतर हायकोर्टातल्या तारखेसाठी. काम आटोपले की लगेच एस. टी. धरतात. मी सुट्टीत मामाकडे आठ दिवस राहिलो, म्हणून मला शहर नीट पाहायला मिळाले. ते तुम्हाला सांगतो.

१) झिरो माईल : इंग्रजांच्या काळात देशाची मोजणी झाली, त्या वेळचा हा दगडी खांब आहे. शेजारी दगडाचे चार घोडे आहेत. खांबाच्या तळाशी गावांची अंतरे मैलांत कोरली आहेत. हैदराबाद ३१८ मैल आहे. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. आता किती किलोमीटर होतात ते तुम्हीच काढा!

२) विधान भवन : हे झिरो माईलपासून जवळच आहे. दरवर्षी हिवाळ्यात विधानसभेचे अधिवेशन इथे भरते. आपल्या शेजारच्या पुसदचे आमदार वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते. त्यांनी इथूनही राज्याचा कारभार पाहिला. बाहेरून इमारत पाहिली तरी आपल्या जिल्ह्याचा माणूस आठवतो.

३) सीताबर्डीचा किल्ला : नोव्हेंबर १८१७ मध्ये या टेकडीवर अप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. भोसले हरले. नंतर इंग्रजांनी इथे किल्ला बांधला. आता तो सैन्याकडे आहे, म्हणून रोज आत सोडत नाहीत. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांना पाहता येतो. मी बाहेरूनच पाहिला.

४) अजब बंगला : हे १८६३ सालचे संग्रहालय आहे. भुसा भरलेले प्राणी, जुनी शस्त्रे, मूर्ती आणि कोरीव लेख इथे ठेवले आहेत. सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. जवळच महाराजबाग आहे. ती पूर्वी भोसल्यांची बाग होती. आता तिथे प्राणिसंग्रहालय आहे आणि ते कृषी विद्यापीठ चालवते. लहान भावंडांना ही जागा लई आवडेल.

५) दीक्षाभूमी : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मोठा पांढरा स्तूप आहे. आतून तो पोकळ आहे, त्यामुळे आत जाऊन बसता येते. आत गेले की सगळे आपोआप हळू बोलू लागतात. दसऱ्याच्या वेळी इथे दूरदूरहून माणसे येतात.

६) छोट्या रेल्वेचे संग्रहालय : हे मोतीबागेत आहे आणि २००२ मध्ये सुरू झाले. मोठ्या गाडीच्या दोन रुळांत साडेपाच फूट अंतर असते. या छोट्या गाडीच्या रुळांत फक्त अडीच फूट! जुनी इंजिने आणि डबे जवळून पाहता येतात. आपल्या जिल्ह्यात यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ‘शकुंतला’ अशाच छोट्या रुळांवरची. कापूस नेण्यासाठी ती सुरू झाली होती. ती गाडी आता बंद आहे. आपल्या वयाच्या पोरांना ती कशी असेल हे कळायचे तर इथे जावे.

७) रमण विज्ञान केंद्र : १९९२ पासून हे केंद्र आहे. इथली उपकरणे हाताने फिरवून पाहायची असतात. तारांगणात छतावर ग्रह-तारे दिसतात. पुस्तकातली सूर्यमाला इथे लवकर समजते.

एका दिवसात सगळे होत नाही. पण पहिली चार ठिकाणे सीताबर्डीच्या आसपासच आहेत. ती एका दिवसात होतात. २०१९ पासून मेट्रोही धावते. तिच्यात बसून वरून शहर पाहता येते, तेही एक पाहणेच आहे.

जायला उमरखेडहून महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा असा रस्ता आहे. पोचायला बराच वेळ लागतो, म्हणून सकाळी लवकर निघावे. सोबत शिदोरी, पाण्याची बाटली आणि एक वही घ्यावी.

काका-काकूंनो, आज शाळेत आलाच आहात तर एक विनंती. पुढच्या वेळी दवाखान्याच्या नाहीतर कोर्टाच्या कामाला नागपूरला निघालात, तर जमेल तेव्हा घरातल्या एका लेकराला सोबत न्या आणि त्याला निदान झिरो माईल तरी दाखवा. पोरींनाही न्या बरं का! परत आल्यावर त्यांनी काय पाहिले ते इथेच, या भिंतीवर लिहू.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी