ताडपत्री उडते ती पुढच्या कडेनं! पिकअप बांधताना हे लक्षात ठेवा



चाळीतला कांदा, टोमॅटो, भाजीपाला घेऊन आपल्या सभासदांच्या गाड्या सध्या पावसात रस्त्यावर आहेत. कोणी जवळच लासलगाव-पिंपळगावला, तर कोणी कसारा घाट उतरून थेट वाशीला. माल चांगला निवडला, वजन नीट झालं, पण वाटेत ताडपत्री सुटली तर सगळ्यावर पाणी. भिजलेल्या कांद्यावर काजळी धरते, सड लागते आणि लिलावात भाव पडतो. त्याहून वाईट म्हणजे, सुटलेली ताडपत्री मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर गेली तर जीवच जातो. म्हणून आजचा मेसेज ताडपत्रीवर. थोडा मोठा आहे, पण पूर्ण वाचा आणि गाडीवाल्यालाही पाठवा.

*ताडपत्री उडते कशी?*

वादळात शेडचे पत्रे उडतात तसंच इथे होतं. चालत्या गाडीत वारा मालाच्या वरून जोरात जातो, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि ताडपत्री वर ओढली जाते. त्यात पुढची कड सैल असेल तर वारा खाली शिरतो आणि खालूनही ढकलतो. मग ताडपत्री फुगते, फडफडते, रिंगा फाटतात. शेवटी मागून सुटलेली दिसली तरी सुरुवात बहुतेक वेळा केबिनजवळच्या कडेनं झालेली असते.

*वेग दुप्पट, जोर चौपट*

समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब ताशी 40 किमी वेगाला दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलो, 60 ला 17 किलो आणि 80 ला 30 किलो असतो. पिकअपचा हौदा धरा साडेचार चौरस मीटर. 80 च्या वेगाला यातला निम्मा जोर जरी ताडपत्री उचलायला लागला, तरी तो 65 ते 70 किलो होतो. म्हणजे कांद्याच्या भरलेल्या गोणीपेक्षा जास्त.

यात समोरचा वारा मिळवा. नाशिककडून मुंबईला जाताना पावसाळी वारा बहुतेक समोरूनच येतो. गाडी 60 ने आणि वारा 30 ने, तर ताडपत्रीला 90 चा मार. "मी तर हळूच चालवत होतो" असं ड्रायव्हर म्हणतो, ते खरंच असतं. पण ताडपत्री गाडीचा काटा बघत नाही.

*माणूस वर बसवू नका*

ताडपत्री धरायला पोरगा किंवा मजूर मालावर बसवायचा, ही सवय मोडा. वरचा हिशोब बघा. ताडपत्री फुगली की हातात धरून राहत नाही, उलट धरणाऱ्यालाच घेऊन खाली जाते. वर दगड, टायर, जादा गोणी ठेवूनही भागत नाही. तेच घसरून मागच्या गाडीवर पडतात. वजनानं ताडपत्री दाबायची नाही, वारा आतच शिरू द्यायचा नाही.

*बांधायची पद्धत*

1. माल सपाट लावा. पुढे केबिनलगत उंच ढीग आणि मागे खड्डा असा माल ठेवू नका. खड्ड्यात पाणी साचतं आणि तिथेच ताडपत्री फडफडते.

2. पुढची कड केबिन आणि माल यांच्या मधून खाली घ्या. निदान दोन फूट खाली दुमडा आणि हौद्याच्या पुढच्या कड्यांना आधी बांधा. मग बाजू, शेवटी मागचा फाळका.

3. दोन ताडपत्र्या असतील तर आधी मागची टाका, मग पुढची तिच्यावर चढवा. पुढचीची मागची कड वर राहिली की वारा आणि पाणी कौलांवरून गेल्यासारखं सरकून जातं. उलटं केलं तर जोडच वाऱ्याचं तोंड होतो.

4. फक्त रिंगांवर भरवसा ठेवू नका. ताडपत्रीवरून आडव्या दोऱ्या घ्या. पहिली दोरी पुढच्या कडेपासून फूटभरावर, पुढच्या दोन-दोन फुटांवर. त्यावर कैचीसारख्या दोन तिरप्या दोऱ्या. वरून जाळी टाकली तर फारच उत्तम.

5. हातानं ओढून नुसती गाठ मारू नका. दोरीला मध्येच एक फास करा, टोक खालच्या कडीतून फिरवून त्या फासातून घ्या आणि खाली ओढा. एकट्या माणसानं ओढली तरी दोरी चांगली आवळते. मग दोन गाठी मारा. रॅचेट पट्टा असेल तर उत्तमच.

6. फाळक्याच्या धारेवर दोरी घासते तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. उन्हात पांढरी पडलेली, तुसे निघालेली दोरी वापरू नका. दोरी सायलेन्सरजवळून नेऊ नका. उरलेली टोकं गुंडाळून खोचा, लोंबली तर चाकात जातात.

7. नंबरप्लेट, इंडिकेटर आणि मागचे दिवे झाकू नका. मालाची उंचीही आवरा. ठरलेल्या मर्यादेबाहेर माल काढला तर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, जादा माल उतरवायचा खर्च वेगळा.

*कांद्याला हवा हवी, मग?*

हवेसाठी ताडपत्री सैल सोडू नका. हौद्याच्या बाजूच्या फटी उघड्या ठेवा, ताडपत्री फळ्यांच्या खालपर्यंत गुंडाळू नका. पाऊस नसेल तर फक्त जाळी बांधा आणि ताडपत्री घडी करून केबिनमध्ये ठेवा.

*रस्त्यात*

निघाल्यावर 5 ते 10 किमीवर थांबा. तोवर माल दबतो आणि दोऱ्या हमखास सैल होतात. नायलॉनची दोरी ओली झाली की आणखी ताणते. म्हणून मोठ्या पावसानंतर, घाट लागण्याआधी आणि चहाला थांबाल तेव्हा प्रत्येक दोरी दाबून बघा. बोटानं हलली तर पुन्हा आवळा. चालताना फडफड ऐकू आली तर "पुढे बघू" म्हणू नका. फडफड म्हणजे ताडपत्री फाटायला लागली.

परत येताना रिकामे कॅरेट हलके असतात, ते आधी उडतात. जाळी आणि दोरी तेव्हाही लागतेच.

*सुटलीच तर*

करकचून ब्रेक मारू नका. इंडिकेटर देऊन वेग कमी करत डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा. ताडपत्री हायवेवर पडली असेल तर ती आणायला धावू नका. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन करा, इतरत्र 112 ला. ताडपत्री पुन्हा घेता येईल.

एकट्यानं घाईत बांधण्यापेक्षा दोघांनी दोन बाजूंनी बांधा. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण माल कोरडा पोचेल आणि मागून येणारा माणूसही घरी पोचेल.

आपल्या गावातल्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज जरूर टाका.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी