कामही करावे, परतही यावे

असीरगडाच्या परिसरात, सातपुड्याच्या रानात खाजकुइलीचे वेल आढळतात. शेंगेवरील लवेने अंगाची आग होते. मात्र तिच्या बियांत ‘एल-डोपा’ हे कंपवातावरील औषध असते. याच द्रव्याचे एक प्रतिरूपही संभवते. अणू तेच, जोडणीचा क्रम तोच. परंतु घडण उलट, आरशातील प्रतिमेसारखी. डाव्या पायाचा जोडा उजव्या पायात बसू नये, तद्वत हे प्रतिरूप कंपवातावर उपयोगी पडत नाही.

या भेदाचा दाखला आपल्या स्वयंपाकघरातही मिळतो. बाळंतशोपा आणि पुदिना यांच्या वासांत ‘कार्व्होन’ हे एकच द्रव्य आहे. एकात उजवे, दुसऱ्यात डावे. नाकाला तेवढे अंतर पुरते.

वेल नेमके हवे तेच रूप घडवितो. प्रयोगशाळेत साध्या रीतीने गेल्यास दोन्ही निम्मी-निम्मी निघतात. एकाच रूपाकडे क्रिया वळवावयाची, तर तसा उत्प्रेरक हवा. म्हणजे क्रियेला चालना देऊन स्वतः न संपणारे द्रव्य. अमेरिकेत विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम धातूच्या साहाय्याने एल-डोपा असा सिद्ध केला. नोयोरी व शार्पलेस यांच्यासह २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले.

तथापि, व्याख्येने न संपणारा उत्प्रेरक व्यवहारात हातचा जातो. द्रावणात विरघळलेला धातू वेगळा काढणे कठीण. त्याचा अंश औषधात राहतो किंवा सांडपाण्यात जातो. शार्पलेस यांच्या क्रियेतील ऑस्मियम तर दुर्मिळ, आणि त्याच्या ऑक्साइडची वाफ डोळ्यांस घातक. हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत बी. एम. चौदरी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ऑस्मियम एका थरदार, चिकणमातीसारख्या घन पदार्थावर बसविले. क्रिया आटोपली की गाळून घ्यावे आणि पुन्हा वापरावे, अशी ही सोय.

दुसरी वाट धातूच टाळण्याची. बेंजामिन लिस्ट यांनी २००० साली प्रोलिन या साध्या अमिनो आम्लाकडून असेच काम करवून घेतले. त्यांना व डेव्हिड मॅकमिलन यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

अडचणी दोन्हीकडे आहेत. घन आधारावरून धातू हळूहळू सुटू शकतो. प्रोलिन बऱ्याच प्रमाणात लागते. म्हणून उत्प्रेरकाची खरी परीक्षा दहाव्या वापराच्या वेळी घ्यावी. निवड पहिल्याइतकीच अचूक राहिली काय? गाळलेल्या द्रवात धातू किती उतरला? औषधाने रोगी बरा होतो. त्याच्या कारखान्याचे सांडपाणी मात्र कोणाच्या तरी नदीला वा विहिरीला मिळते. औषधाच्या मोलात तोही हिशेब धरावयास हवा.